हृदयाची श्रमचाचणी : तिच्या निष्कर्षांचा अर्थ आणि आपले वनजिल्हे

ट्रेडमिलवरची चाचणी करून परतलेला मनुष्य हातात कागदांची एक चवड घेऊन येतो. पंधरा-वीस पानांवर बारा-बारा रेषांचे आलेख छापलेले असतात, समासात आकडे असतात आणि शेवटच्या पानावर एक शब्द असतो : 'पॉझिटिव्ह' अथवा 'निगेटिव्ह'. बाकीची सारी पाने बाजूस पडतात आणि त्या एका शब्दावर घरात चिंता तरी पसरते, नाही तर पेढे तरी वाटले जातात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, तो शेवटचा शब्द स्वतःपुरता जवळजवळ अर्थहीन असतो. पट्ट्यावर कोण उभे होते, त्याने किती श्रम केले आणि त्याच्या रक्ताची स्थिती काय होती, हे ठाऊक झाल्यावाचून त्या शब्दास अर्थ प्राप्त होत नाही.

हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नव्हे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच असलेले चंद्रपूर व गडचिरोली हे आपले दोन जिल्हे विस्ताराने मोठे, अरण्यमय आणि दूरदूर वस्तीचे आहेत. सिरोंच्याच्या रुग्णास गडचिरोली गाठण्यासाठीच सुमारे २०० किलोमीटर प्रवास करावा लागतो आणि तेथून नागपूर आणखी सुमारे १७० किलोमीटर राहते. चुकीचा 'पॉझिटिव्ह' म्हणजे हा प्रवास, एंजिओग्राफीचा खर्च, बुडालेली मजुरी आणि पुष्कळदा जन्मभराची भीती. चुकीचा 'निगेटिव्ह' म्हणजे छातीतील दुखण्याकडे निर्धास्तपणे पाठ फिरविणे. दोन्ही चुका एकाच अज्ञानातून उद्भवतात, आणि ते अज्ञान बव्हंशी गणिताचे आहे. म्हणूनच वैद्यकाबाहेरील विद्यार्थ्यांपुढेही हा विषय मांडण्याचे धाडस केले आहे.

प्रथम चाचणीचे तत्त्व पाहू. शरीरातील इतर स्नायू विश्रांतीच्या अवस्थेत रक्तातील प्राणवायूचा थोडाच भाग उचलतात. श्रम वाढले की अधिक उचलतात. हृदयाच्या स्नायूस ही सोय नाही. आपल्या रोहिण्यांतून, म्हणजे हृद्‌रोहिण्यांतून, आलेल्या रक्तातील सुमारे ७० ते ७५ टक्के प्राणवायू तो विश्रांतीतच काढून घेत असतो. साहजिकच श्रमाच्या वेळी त्याची वाढती गरज भागविण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे रक्ताचा ओघ वाढविणे. निरोगी हृद्‌रोहिण्या हा ओघ चार-पाच पटींनी वाढवू शकतात. हृदयावरील भार मोजण्याचे एक स्थूल माप म्हणजे नाडीचे ठोके आणि वरचा रक्तदाब यांचा गुणाकार. बसलेल्या मनुष्याची नाडी ७० व रक्तदाब १२० असल्यास तो गुणाकार ८,४०० होतो. पट्ट्यावर नाडी १६० व रक्तदाब १८० झाला की तोच २८,८०० होतो, म्हणजे जवळजवळ साडेतीनपट. एखादी रोहिणी सत्तर टक्क्यांच्या आसपास अरुंद झालेली असेल, तर विश्रांतीत भागते, पण या साडेतीनपट मागणीस ती पुरी पडत नाही. त्या भागातील स्नायूस प्राणवायू कमी पडतो आणि त्याची खूण विद्युत्‌आलेखावर उमटते. बसून काढलेला कार्डिओग्राम निर्दोष असूनही चालविल्यावर दोष दिसतो, तो यामुळे.

यातूनच चाचणीची एक मोठी मर्यादाही लक्षात येते. रोहिणीच्या आवरणातील मेदाचा थर चाळीस टक्केच मार्ग अडवीत असेल, तर ओघास अटकाव होत नाही आणि चाचणी निर्दोष येते. परंतु तोच थर उद्या फुटून त्यावर रक्ताची गुठळी जमू शकते व झटका येऊ शकतो. गेल्याच महिन्यात 'टीएमटी' चांगली आली होती, असे हळहळत सांगणारे नातेवाईक खोटे बोलत नसतात. चाचणी आज ओघ पुरतो की नाही एवढेच सांगते. रोहिणीची भिंत उद्या काय करील हे ती सांगत नाही.

श्रम देण्याची रीत आता बहुतेक ठिकाणी एकच आहे. १९२९ साली आर्थर मास्टर याने दोन पायऱ्यांची चढउतार करवून घेण्याची पद्धत मांडली होती. पुढे सिएटल येथील रॉबर्ट ब्रूस याने फिरत्या पट्ट्यावरील टप्प्याटप्प्यांची पद्धत बसविली. १९६३ साली प्रसिद्ध झालेली ती पद्धत आजही त्याच्या नावाने चालते. प्रत्येक टप्पा तीन मिनिटांचा. पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर वेग व १० टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर वर, दुसऱ्यात ४ किलोमीटर व १२ टक्के, तिसऱ्यात ५.५ किलोमीटर व १४ टक्के, चौथ्यात ६.८ किलोमीटर व १६ टक्के. श्रमाचे परिमाण 'मेट' या एककात देतात. स्वस्थ बसलेला मनुष्य दर मिनिटास, दर किलो वजनामागे, सुमारे ३.५ मिलिलिटर प्राणवायू वापरतो. तो एक मेट. ब्रूस पद्धतीचा पहिला टप्पा पुरा करणाऱ्याने सुमारे ५, दुसरा पुरा करणाऱ्याने ७, तिसरा पुरा करणाऱ्याने १० आणि चौथा पुरा करणाऱ्याने १३ मेट इतके श्रम केले असे धरतात.

आता आलेखाकडे वळू. हृदयाच्या आकुंचनाची उंच लाट संपल्यानंतर जो सपाट भाग येतो त्यास एस-टी खंड म्हणतात. लाट संपल्यावर ८ शतांश सेकंदांनी हा खंड मूळ पातळीच्या खाली १ मिलिमीटर वा अधिक गेलेला असेल, आणि तो आडवा किंवा खाली उतरता असेल, तर चाचणी 'पॉझिटिव्ह' ठरविण्याचा प्रघात आहे. खाली जाऊन झपाट्याने वर चढणारा खंड तितका दोषास्पद मानीत नाहीत. लक्षात घेण्याजोगे हे की, आलेखावरचा हा १ मिलिमीटर म्हणजे एक दशांश मिलिव्होल्ट. पट्ट्यावर धावणाऱ्या, घामाने चिंब झालेल्या छातीवरून एवढा सूक्ष्म फरक टिपावयाचा असतो. यंत्राने काढलेल्या सरासरी आलेखावर विसंबून न राहता मूळ रेषा डोळ्यांनी तपासाव्यात, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

येथपर्यंतचे विवेचन पाठ्यपुस्तकात सापडेल. खरी अडचण पुढे आहे. १९८९ साली जियानरोसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४७ अभ्यासांतील २४,०७४ रुग्णांचे निष्कर्ष एकत्र केले. एंजिओग्राफीशी ताडून पाहता, ज्यांस रोहिण्यांचा विकार होता त्यांपैकी सरासरी ६८ टक्क्यांची चाचणी दोषयुक्त आली. ज्यांस विकार नव्हता त्यांपैकी ७७ टक्क्यांची निर्दोष आली. म्हणजे शंभर रोग्यांतील बत्तीस निसटतात आणि शंभर निरोग्यांतील तेवीस नाहक अडकतात. पहिल्या आकड्यास संवेदिता व दुसऱ्यास विशिष्टता म्हणतात. या दोन आकड्यांवरून पुष्कळ विद्यार्थी असे समजतात की, चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे रोग असण्याची शक्यता ६८ टक्के. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे.

तीन निरनिराळे गट घेऊन हिशेब मांडू. पहिला गट पन्नाशी उलटलेल्या, विडी ओढणाऱ्या पुरुषांचा. बल्लारपूर वा घुग्घुसच्या खाणीत काम केलेला कोणी डोळ्यांपुढे आणावा. चढ चढताना छातीच्या मध्यभागी जडपणा येतो, थांबले की दोन-तीन मिनिटांत जातो. अशांत रोगाची पूर्वशक्यता ९० टक्के धरू. दुसरा गट तिशीतील स्त्रियांचा. रोवणीच्या दिवसांत बांधीत दिवसभर वाकून काम केल्यावर त्यांच्या छातीत बाजूस टोचते, श्रमाशी त्या टोचण्याचा निश्चित संबंध नाही. पूर्वशक्यता ५ टक्के धरू. तिसऱ्या गटात ज्यांच्याविषयी खरोखरच निर्णय होत नाही असे मध्यमवयीन लोक आहेत. त्यांची शक्यता ५० टक्के.

पहिल्या गटात हजार माणसे घेतली तर ९०० रोगी व १०० निरोगी. रोग्यांपैकी ६१२ दोषयुक्त, २८८ निर्दोष. निरोग्यांपैकी २३ दोषयुक्त, ७७ निर्दोष. ज्यांची चाचणी दोषयुक्त आली त्या ६३५ मध्ये खरे रोगी ६१२, म्हणजे ९६ टक्के. हे ठीक. परंतु निर्दोष आलेल्या ३६५ मध्येही २८८ रोगी आहेत, शेकडा ७९. या माणसास 'निगेटिव्ह' म्हणून घरी धाडणे हा अपराध ठरेल. दुसऱ्या गटात ५० रोगी व ९५० निरोगी. दोषयुक्त येणारे रोगी ३४, पण दोषयुक्त येणारे निरोगी सुमारे २१९. म्हणजे 'पॉझिटिव्ह' शिक्का बसलेल्या २५३ स्त्रियांपैकी सुमारे २१९ निरोगी! रोगाची शक्यता ५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेली, इतकेच. शिवाय स्त्रियांमध्ये असा खोटा दोष अधिक वेळा दिसतो हे अनुभवसिद्ध असल्याने प्रत्यक्ष स्थिती याहूनही प्रतिकूल असू शकेल. तिसऱ्या गटात मात्र चाचणी कामाची ठरते. दोषयुक्त आल्यास शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांपर्यंत चढते, निर्दोष आल्यास २९ टक्क्यांपर्यंत उतरते.

यंत्र तेच, आलेखावरील एक मिलिमीटरही तोच. अर्थ मात्र तीन. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येथे थॉमस बेज याचा सिद्धान्त ओळखला असेलच. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला, ब्रूसच्या पद्धतीपूर्वी बरोबर दोनशे वर्षे. हृदयविकाराच्या निदानात ही विचारसरणी डायमंड व फॉरेस्टर यांनी १९७९ साली रूढ केली. वय, लिंग व दुखण्याचे स्वरूप यांवरून पूर्वशक्यता काढण्याचे कोष्टक त्यांनी दिले. पुढे युरोपातील नव्या पाहणीत या शक्यता पुष्कळच कमी आढळल्या आणि २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत कोष्टक बदलण्यात आले. ब्रिटनमध्ये तर २०१० पासून, ज्यांस पूर्वी विकार ठाऊक नाही अशांच्या निदानासाठी केवळ आलेखावर आधारलेली श्रमचाचणी करू नये, अशी शिफारस आहे. २०२१ च्या अमेरिकन तत्त्वांनी, विश्रांतीचा आलेख निर्दोष असलेल्या व चालू शकणाऱ्या माणसांपुरती तिला जागा ठेवली. सीटी यंत्र जेथे हाताशी नाही तेथे ती जागा मोठीच राहणार, हे उघड आहे.

पूर्वशक्यतेच्या या विचारात आपल्याकडे एक उलटी चूकही होते. वनात राहणाऱ्या, कष्ट करणाऱ्या माणसास हृदयरोग कुठला, असे म्हणण्याची रूढी आहे. गडचिरोलीत राहून कार्य करणारे डॉ. अभय बंग यांस ऐन चाळिशीत या विकाराने गाठले आणि त्यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक मराठी वाचकांस सुपरिचित आहे. ते शहरी व्यवसायाचे उदाहरण म्हणून कोणी बाजूस सारील. पण तंबाखू, खर्रा व रक्तदाब यांनी शहर आणि गाव हा भेद केव्हाच पुसला आहे.

आता रक्ताच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या प्रदेशात या चाचणीचा निष्कर्ष वाचताना सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाणारी गोष्ट हीच, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असल्यास ते रक्त सुमारे १८.८ मिलिलिटर प्राणवायू नेईल. ८ ग्रॅमच असल्यास १०.७ मिलिलिटर. हृदयस्नायू विश्रांतीतच तीन-चतुर्थांश प्राणवायू उचलतो, हे वर पाहिलेच. तेव्हा रक्तक्षय झालेल्या मनुष्याच्या हृद्‌रोहिणीस विश्रांतीतच ओघ वाढवून ठेवावा लागतो. श्रमासाठी राखून ठेवलेली चार-पाच पटींची शिल्लक आधीच खर्ची पडलेली असते. त्यात नाडीही अगोदरच जलद. मग रोहिण्या आतून स्वच्छ असूनही पट्ट्यावर एस-टी खंड खाली जातो, दम लागतो, चाचणी लवकर थांबते आणि कागदावर 'पॉझिटिव्ह' उमटते. आलेख खोटे बोलत नाही. स्नायूस प्राणवायू खरोखरच कमी पडलेला असतो. मात्र कमतरता रोहिणीतील अडथळ्याची नसून रक्तातील हिमोग्लोबिनची असते.

विदर्भात या विचारास विशेष महत्त्व येण्याचे कारण सिकलसेल. नागपूरच्या शुक्ला व सोलंकी या संशोधकांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेल-वाहकांविषयी लिहिले, तेव्हापासून पूर्व विदर्भातील आदिवासी व अन्य समाजांतील या रक्तदोषाचा अभ्यास चालू आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास आरंभ झाल्यावर तपासणीस वेगही आला. वाहक आणि रोगी यांत येथे काटेकोर भेद केला पाहिजे. वाहकाचे हिमोग्लोबिन बहुधा सामान्य असते व तो श्रमचाचणी इतरांसारखीच पार पाडतो. फक्त अतिश्रम, उष्णता आणि शरीरातील पाणी कमी होणे ही तिन्ही एकत्र आल्यास त्यास क्वचित धोका संभवतो. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या रोग्याची गोष्ट वेगळी. त्यास दीर्घकालीन रक्तक्षय असतो, शिवाय कोयत्याच्या आकाराच्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. अशाच्या छातीतील दुखणे हृद्‌रोहिणीचे, फुप्फुसाचे की हाडांचे, याचा निर्णय पट्ट्यावर होत नाही. उलट श्रमाने वेदनेचा झटका येण्याचा संभव असतो. म्हणून या दोन जिल्ह्यांत श्रमचाचणीच्या कागदावर हिमोग्लोबिनचा आकडा व सिकलसेलची स्थिती ही दोन घरे छापलेलीच असावीत. रक्तक्षय आढळल्यास प्रथम तो दुरुस्त करावा आणि चाचणीचा विचार नंतर करावा, हे उघड आहे.

याखेरीज आलेख फसवा ठरविणारी काही कारणे सर्वत्र सारखीच : डिगॉक्सिनसारखे औषध, रक्तदाबाने जाड झालेली डाव्या कप्प्याची भिंत, डाव्या शाखेचा अडथळा. संधिवाताने झडप बिघडलेल्या रुग्णांत डिगॉक्सिनचा वापर होत असल्याने ते विचारून घ्यावे. महाधमनीची झडप तीव्र आकुंचित असून त्यामुळे चक्कर, दम वा छातीत दुखणे असेल, तर चाचणी करूच नये. एरव्ही ती सुरक्षित आहे. गंभीर घटना सुमारे २,५०० चाचण्यांमागे एखादी, असे मानतात.

पट्ट्याविषयीही थोडे सांगावयास हवे. आयुष्यात सरकत्या जमिनीवर कधी पाऊल न ठेवलेली स्त्री, लुगडे नेसून, अनोळखी माणसांसमोर, अंगास तारा लावून त्यावर उभी राहते. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन रान तुडविणारी ही स्त्री चौथ्या मिनिटास 'थांबवा' म्हणते, ते बहुधा भीतीने. आणि कागदावर 'श्रमक्षमता अल्प' असे छापून येते. वयाच्या अपेक्षित कमाल नाडीच्या, म्हणजे २२० वजा वय या आकड्याच्या, ८५ टक्क्यांपर्यंत ती पोहोचली नसेल, तर निर्दोष आलेख 'निगेटिव्ह' नव्हे, अनिर्णीत समजावा. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्यासही हेच होते. उलट कोणी बाजूचा दांडा घट्ट धरून चालला, तर त्याची मेट-संख्या वास्तवाहून फुगते. दोन मिनिटे पट्टा नुसता चालवून दाखविला तरी यातील पुष्कळ दोष टळेल. आणखी एक गोष्ट : चाचणी थंड केलेल्या खोलीत होते, तर तेंदूपत्ता मे महिन्यात तोडला जातो. चंद्रपूरच्या त्या उन्हात तेवढ्याच श्रमास नाडी कितीतरी अधिक धावते. खोलीत नऊ मिनिटे सुखाने चालणे म्हणजे त्या रानात दिवसभर राबण्यास परवाना नव्हे.

आलेखाहून इतर आकडे पुष्कळदा अधिक बोलके असतात. २००२ साली मायर्स व सहकाऱ्यांनी ६,२१३ पुरुषांच्या अभ्यासात दाखविले की, श्रमक्षमता एका मेटने अधिक असल्यास जगण्याची शक्यता सुमारे १२ टक्क्यांनी सुधारते. थांबल्यानंतर पहिल्या मिनिटात नाडी १२ ठोक्यांहून अधिक उतरावी. न उतरल्यास ते चिन्ह चांगले नव्हे, हे १९९९ साली कोल व सहकाऱ्यांनी मांडले. ड्यूक विद्यापीठाचा गुणांक सर्वांत सोयीचा. ब्रूस पद्धतीतील मिनिटांतून एस-टी खंडाच्या मिलिमीटरांची पाचपट आणि छातीतील दुखण्याच्या अंकाची चौपट वजा करावयाची. दुखले नाही तर ०, दुखले तर १, दुखण्यामुळे थांबावे लागले तर २. बाकी ५ वा अधिक राहिल्यास धोका अल्प, उणे ११ वा त्याखाली गेल्यास मोठा, मधली स्थिती मध्यम. अकरा मिनिटे चाललेल्या, १ मिलिमीटर खंड खाली गेलेल्या पण मुळीच न दुखलेल्या मनुष्याचे गुण ११ वजा ५, म्हणजे ६. कागद त्यास 'पॉझिटिव्ह' म्हणतो, गुणांक त्यास अल्प धोक्यात बसवितो. सहा मिनिटांत, २ मिलिमीटर व दुखण्याने थांबलेल्याचे गुण ६ वजा १० वजा ८, म्हणजे उणे १२. दोघांच्याही शेवटच्या पानावर शब्द मात्र एकच.

राहता राहिला रक्तदाबाचा रकाना, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही. श्रमाबरोबर वरचा रक्तदाब चढला पाहिजे. तो विश्रांतीच्या पातळीखाली उतरला तर ती धोक्याची सूचना असते व चाचणी तत्काळ थांबवितात. उलट पुरुषांत २१० व स्त्रियांत १९० यांच्या वर तो गेला, तर आज रक्तदाब नसलेल्या माणसासही पुढे तो जडण्याचा संभव अधिक असतो. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे नोंदविली, तेव्हा सुमारे सातांपैकी एक मृत्यू पक्षाघाताने झालेला आढळला आणि तेच मृत्यूचे पहिले कारण ठरले. पक्षाघाताच्या मुळाशी बहुधा रक्तदाब असतो. अशा जिल्ह्यात श्रमचाचणीच्या कागदावरील एस-टी खंडाचा एक मिलिमीटर निरुपयोगी ठरला तरी चालेल, पण रक्तदाबाचा रकाना वाचल्यावाचून तो कागद कपाटात जाऊ नये. हा रकाना पहिल्याच पानावर, नाडीच्या आकड्यांशेजारी असतो.